चेंबरचा नट शेवटी कोणी आवळला

पोलीस ठाणे दौंड, दि. १७/०२/२०२५
तक्रार अर्जाच्या चौकशीत घेतलेला जबाब

मी, धनश्री संपत ठोंबरे, वय २१ वर्षे, धंदा शिक्षण (मेकॅनिकल इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष), राहणार न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

आज ठाण्यात समक्ष येऊन, कोणाच्या दबावाशिवाय सांगते, की वरच्या पत्त्यावर मी, आई, पप्पा, आजोबा ज्ञानू ठोंबरे आणि आजी अनसाबाई असे राहतो. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचं वय सेव्हन्टी फोर, म्हणजे चौऱ्याहत्तर. पूर्वी आमची मेंढरं होती, आता कांदा, थोडा ऊस आणि चार गाई आहेत. मी इंग्लिश मीडियमला शिकले. मला मराठी वाचता येतं पण लिहायला फार वेळ लागतो, म्हणून मी सांगते आहे आणि पोलीस हवालदार मल्हार शितोळे साहेब टाइप करत आहेत. मी बोलते तसंच लिहा अशी मी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली आहे.

माझ्या पप्पांनी गुरुवारी या ठाण्यात अर्ज दिला, की दौंडमधल्या झटपट ऑइल पॉइंट या दुकानात आमच्या गाडीचं ऑइल बदललं, तिथल्या कामगारानं चेंबरचा नट ढिला ठेवला, तो रस्त्यात पडला आणि इंजिन जाम झालं. त्या अर्जाबद्दल मला माहिती आहे ती मी देते.

आमच्याकडे ओम्नी व्हॅन आहे. ती माझ्याहून एक वर्षानं लहान आहे. डेअरीला दुधाचे कॅन, बाजारला कांदा आणि लग्नाला माणसं, सगळं तिच्यातूनच जातं. तिचं ऑइल आजपर्यंत कधी बाहेर बदललं नव्हतं. आबा स्वतः बदलायचे. त्यांची पद्धत अशी, की आमच्या रानातल्या चारीच्या बांधावर गाडीची एका बाजूची दोन चाकं चढवायची आणि खालच्या चाकांना दगड लावायचे. मग जॅक लागत नाही, माणूस आरामात खाली सरकतो. चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाशी असलेलं ऑइलचं भांडं. त्याचा नट खोलला की सगळं ऑइल खाली येतं. नट खोलला की आबा घरी जेवायला यायचे, जेवून पान खायचे, मग परत जायचे. तोपर्यंत शेवटचा थेंबसुद्धा निथळलेला असायचा. निघालेलं काळं ऑइल आजी गोठ्याच्या लाकडी मेढींना लावते, म्हणजे वाळवी लागत नाही.

हवालदार साहेब म्हणाले, एवढं डिटेल नको, मुद्द्याचं सांग. मी म्हणाले हाच मुद्दा आहे, राहू द्या.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आबांची तब्येत बिघडली होती. त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताला थोड्या मुंग्या येतात. दर सोमवारी मी त्यांना दौंडला फिजिओथेरपीला आणते. घरात या विषयावर कोणी बोलत नाही. आजी आता त्यांचा चहा अर्धा कपच भरते. का ते तिला कोणी विचारलेलं नाही.

मला गाड्यांचं लहानपणापासून वेड आहे. मी ऑइल चेंजचे खूप व्हिडिओ बघितले आहेत. बाहेरच्या देशात लोक घरी पार्किंगमध्ये स्वतः ऑइल बदलतात आणि कमेंटमध्ये भांडतात, की दुकानात जाणारे वेडे का घरी करणारे वेडे. मी नेहमी घरी करणाऱ्यांच्या बाजूनं असायचे, कारण आमच्या घरी तो माणूस होता. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी आबांना म्हणाले, चला, या वेळी मी खाली सरकते, तुम्ही सांगा. आबा म्हणाले, "आता न्हाई, ऊस जाऊ दे." ऊस गेला. मग म्हणाले, "आता न्हाई, उनं कमी हू दे." फेब्रुवारीत ऊन कमी होत नाही. मग मी विषय बदलला. मीच पप्पांना म्हणाले, की दौंडला नवीन दुकान झालंय, झटपट करून देतात, आबांना त्रास नको. हे सगळं मी आबांसमोर म्हणाले. ते फक्त म्हणाले, "तुमची मर्जी."

रविवार, दि. ९ रोजी दुपारी पप्पा, आबा आणि मी गाडी घेऊन त्या दुकानात गेलो. दुकानाचे मालक आनंदराव जगदाळे हे काउंटरवर होते. तिथं गाडी एका खड्ड्यावर उभी करतात आणि मेकॅनिक खालून काम करतो. गिऱ्हाइकानं काचेच्या खोलीत बसायचं असतं. आबा खड्ड्याकडे निघाले तेव्हा जगदाळे म्हणाले, "मामा, आत बसा ना, एसी आहे."

आबा म्हणाले, "मला एसी नगं. मला नट दिसला पायजे."

"तिकडं कस्टमरला अलाऊड नाही मामा. कोणी पडलं तर आमच्यावर येतं."

"मी काय पडतोय व्हय? माझी निम्मी हयात चारीत गेली."

शेवटी पप्पांनी त्यांना हाताला धरून आत बसवलं. आबा काचेला नाक लावून उभे राहिले. मला म्हणाले, "गाडीचं पोट खोलायचं आन् आपुन हितं माशावानी काचंत बसायचं. ही कुठली तऱ्हा?"

खड्ड्यात काम करणारा मेकॅनिक वर आला आणि टोपी काढली तेव्हा आम्हाला कळलं की त्या बाई आहेत. मला एवढा आनंद झाला की मी काचेवर टकटक करून हात हलवला. त्यांनीपण हलवला. आबांनी दार थोडं उघडून विचारलं, "तू कुणाची गं?"

"खुटबावची. लकड्यांची नकुशी."

"आन् नाव बदलून न्हाई घेतलं?"

"बदलून काय करू मामा? आता गाडीवालं ह्याच नावानं इचारत येत्यात."

आबा हसले. मग त्यांनी विचारलं, की तेल किती वेळ गळू देता. नकुशीताई म्हणाल्या, पाच-सात मिनिटं, मागं गाड्या आहेत. आबा म्हणाले, "एवढी घाई? तेल काय यष्टी पकडाय चाललंय?" नकुशीताई जोरात हसल्या. नंतर मी बघितलं, की त्यांनी खरंच नट लावायची घाई केली नाही. जगदाळे काउंटरवरून हातवारे करत होते, मागची गाडी हॉर्न देत होती, आणि त्या खाली थेंब बघत उभ्या होत्या. मग त्या दारापाशी आल्या आणि बोटांवरचं जुनं ऑइल आबांपुढे धरलं. आबांनी डाव्या हाताच्या चिमटीत घेऊन चोळलं. म्हणाले, "काळं झालंय, पर अंगात हाय अजून." जुनं ऑइल आजीसाठी मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की ते ड्रममध्ये जातं, सगळ्यांचं एकत्र होतं, देता येत नाही. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

नट आवळताना मी काचेतून मोबाईलवर व्हिडिओ घेतला. नकुशीताईंनी टॉर्क पाना वापरला. त्याला पाहिजे तेवढा जोर मिळाला की तो टक असा वाजतो. व्हिडिओत टक वाजलेलं ऐकू येतं. नंतर त्यांनी नटावरून चेंबरवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते, त्यासाठी ती असते. हा व्हिडिओ मी आज हवालदार साहेबांना दिला आहे. निघताना मी नकुशीताईंचा नंबर घेतला आणि पुढच्या रविवारी नुसतं बघायला येऊ का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ये की. जुनी कापडं घालून ये म्हंजी झालं."

रेघ तुटली होती का, असं साहेबांनी विचारलं. ते पुढं सांगते.

मंगळवार, दि. ११ रोजी माझं प्रॅक्टिकल लवकर संपलं, म्हणून मी दुपारीच एसटीनं घरी आले. घरी कोणी नव्हतं. चारीकडे गेले तर ओम्नी बांधावर चढवलेली होती, चाकांना दगड होते आणि गाडीखालून आबांचे पाय बाहेर आलेले होते. आबा खालून शीळ घालत होते. दिवाळीनंतर मी त्यांची शीळ पहिल्यांदा ऐकली.

मी खाली वाकून विचारलं, की काय करताय. ते म्हणाले, पारावर एकजण सांगत होता, की असली दुकानं वरून नवीन डबा दाखवत्यात आन् आत ड्रमातलं सोडत्यात. मी म्हणाले, आबा, डिपस्टिक काढून बघता येतं की. ते म्हणाले, "काडीवर चार थेंब दिसत्यात. पोटात काय हाय ते पोट खोलल्याबिगर कळत न्हाई."

त्यांनी नट खोलून सगळं नवीन ऑइल बादलीत काढलं होतं. बादली आजीची होती, स्टीलची, धार काढायची. तेवढ्यात आजी गाईंचा घास घेऊन आली आणि तिनं बादली बघितली.

"अवो! ही धारंची बादली हाय! उद्या दुधाला वास आला तर डेअरीवाला कॅन माझ्या डोसक्यावर वतंल!"

आबा खालून म्हणाले, "मग टोपी घालून जा."

"तोंड तर बघा. दुकानात घालून आणल्यालं तेल परत काढत्यात व्हय कुणी? जेवल्यालं वकून बघत्यात का, भाकरी ताजी हुती का शिळी?"

"आगं, तू राँदल्यालं असंल तर बघाय लागंल."

आजी हसू दाबत घास घेऊन गोठ्यात गेली. मी जुनी ओढणी अंथरली आणि आबांच्या शेजारी खाली सरकले. माझी खूप वर्षांची इच्छा होती ती. गाडीखाली मातीचा आणि ऑइलचा वास होता आणि गार होतं. आबांनी बादलीत डाव्या हाताचं बोट बुडवून माझ्या तोंडापुढे धरलं. म्हणाले, "मधावानी हाय बघ. पोरीनं चोख काम केलंय. मी उगा शंका घेतली." हे वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं आहे. ते महत्त्वाचं आहे, म्हणून साहेबांनी त्याखाली रेघ मारावी.

पिवळी रेघ मी तेव्हा बघितली. अर्धी नटावर होती, अर्धी चेंबरवर. ती आबांनी नट खोलल्यामुळे तुटली.

मग आबांनी नट परत लावला. त्यांची पद्धत अशी, की आधी नट चिमटीनं बसवायचा, मग पान्यानं आवळायचा आणि शेवटी मनगटाचा एक झटका द्यायचा. तो झटका मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी नट चिमटीत बसायला वेळ लागला. तो दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा मी उचलून दिला. मग त्यांनी पाना लावला. मी मोबाईलचा टॉर्च धरला होता. शेवटचा झटका त्यांनी उजव्या हातानं दिला. पाना नटावरून निसटला.

मी विचारलं, "आबा, मी एकदा ओढू का?"

आबा म्हणाले, "का? माझ्या हाताला काय झालंय?"

मी म्हणाले, "काही नाही."

मग आम्ही बाहेर आलो. बादलीतलं ऑइल आजीच्या धुतलेल्या पातळाच्या फडक्यातून गाळून, नरसाळं लावून परत इंजिनमध्ये भरलं. नरसाळं मी धरलं. आबा खूश होते. त्यांनी मला सांगितलं, की पुढच्या वेळी तू खाली जा, मी वरून सांगतो. बादली मी राखेनं दोनदा घासली.

तू स्वतः तो नट का आवळला नाहीस, असं हवालदार साहेबांनी विचारलं. यावर मी काही बोलले नाही. त्यांनी "उत्तर नाही" असं टाइप केलं. ते बरोबर आहे.

बुधवारी सकाळी पप्पा कांद्याच्या गोण्या भरून दौंडला निघाले. दौंडच्या अलीकडे गाडीचा आवाज बदलला आणि ती बंद पडली, ती परत चालू झालीच नाही. ऑइलचा लाल दिवा लागला असणार, पण आमच्या गाडीत तो अधूनमधून उगाचच लागतो, म्हणून पप्पांनी लक्ष दिलं नाही. जवळच्या गॅरेजवाल्यानं खाली बघून सांगितलं, की चेंबरला नटच नाही आणि आत ऑइलचा थेंब नाही. पप्पांना मंगळवारचं काही माहीत नव्हतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रविवारचं दुकान आठवून अर्ज दिला. अर्ज देताना ते खोटं बोलले नाहीत, हे माझं सांगणं आहे.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार माणसं जमली. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. एकानं विचारलं, नट आवळला कोणी होता. पप्पा म्हणाले, तिथं एक बाई आहे मेकॅनिक. तो म्हणाला, "बाई? मग झालंच की." दुसरा म्हणाला, "बाईच्या मनगटात जोर तो किती असणार?" सगळे हसले. पप्पापण हसले. आबा तिथंच खांबाला टेकून बसले होते. त्यांनी उजवा हात उपरण्याखाली घेतला. थोड्या वेळानं ते उठून गोठ्यात गेले आणि जेवण तिकडंच मागवलं. आजी ताट घेऊन गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मला त्या दिवशी कळलं होतं. पण मी स्वतःला सांगितलं, की कदाचित नट दुसऱ्या कशानं पडला असेल. रस्ता खराब आहे वगैरे.

शनिवारी मी नकुशीताईंना मेसेज केला, की उद्या येऊ का. त्यांचा व्हॉइस मेसेज आला. तो मी साहेबांना ऐकवला आहे. त्यात त्या म्हणतात, "येऊ नको बाय. मालकानं मला काढलं. तुमच्या गाडीचा नट पडला म्हणं. मी आवळला हुता गं. माझ्या कानानं टक ऐकली हुती. आता मलाच वाटाय लागलंय, का न्हवतीच ऐकली?" पुढं त्यांनी विचारलं आहे, की गाडीत कोणाला लागलं तर नाही ना, मामा गाडीत नव्हते ना.

मी त्यांना लगेच फोन केला नाही. आधी पप्पांकडे गेले. ते बंद गाडीत बसले होते. मी त्यांना मंगळवारचं सगळं सांगितलं. पप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "बुधवारी रातच्याला आबा गोठ्यात का जेवलं, ते आत्ता कळलं."

मी म्हणाले, पप्पा, अर्ज मागं घेऊ या, नुसतं एवढंच करू, कारण नको सांगायला. पप्पा म्हणाले, "नुसता मागं घेतला तर लोकं म्हणतील, आपसात मिटलं. नट तिच्याच नावावर राहील. मालक तिला परत घ्यायचा न्हाई." मग म्हणाले, "इंजिन मी बांधून घीन. त्याचं काय न्हाई. पर आबाला कळलं ना, की आपल्या हातानं झालंय, तर ते परत पाना धरायचं न्हाईत. तुला ठाऊक न्हाई धने. त्यांनी मला गाडी न्हाई शिकिवली. त्यांनी मला ऐकायला शिकिवलं. इंजान काय म्हणतंय ते."

आणि ते रडले. हे टाइप करू नका असं मी म्हणाले होते, पण नंतर मीच म्हणाले, राहू द्या.

काल रात्री पप्पा म्हणाले, "उद्या सोमवार हाय. आबाला दवाखान्यात नेशीलच. येताना ठाण्यात जा आन् हाय ते सांग. मी येत न्हाई. मला त्यांच्याम्होरं बोलता यायचं न्हाई."

त्याप्रमाणे मी आज आले. आबा माझ्यासोबत आहेत. ते बाहेरच्या बाकावर बसले आहेत. गाडीचे कागद दाखवायचे आहेत असं मी त्यांना सांगितलं आहे.

तरी माझं म्हणणं असं, की रविवारी नकुशी लकडे यांनी नट नीट आवळला होता. तो मंगळवारी आमच्या घरी खोलला आणि परत लावला गेला. तो पडला यात त्यांचा आणि दुकानाचा काही दोष नाही. पप्पांचा अर्ज बंद करावा, आणि का बंद केला ते जगदाळे यांना लेखी कळवावं, म्हणजे नकुशीताईंना परत कामावर घेतील. नट लावताना नीट बसला नाही, एवढंच लिहावं. हाताबद्दल जास्त लिहू नये, ही विनंती.

पुढचा मजकूर जबाब वाचून दाखवत असताना जे घडलं त्याचा आहे. तो याच जबाबात घ्यावा असं आबांनी सांगितलं.

जबाब झाल्यावर तो मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. मी म्हणाले, साहेब, हळू वाचा, नाहीतर मीच मनात वाचते. शितोळे साहेब म्हणाले की बरं, आणि हळू वाचायला लागले. पण त्यांचा आवाज मुळात मोठा आहे. ते "थोड्या मुंग्या येतात" इथपर्यंत आले तेव्हा दारातून आबांचा आवाज आला.

"मोठ्यानं वाचा की सायेब. मला म्हाताऱ्याला ऐकाय येत न्हाई."

आबा काठी धरून दारात उभे होते. कधीपासून होते ते मला माहीत नाही. मी म्हणाले, आबा, कागदाचं चाललंय. ते म्हणाले, "व्हय, कागदाचंच चाललंय. वाचू दे." साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सगळं वाचलं. बादलीचा भाग आला तेव्हा आबा थोडं हसले. ओट्यावरचा भाग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पप्पांचं वाचताना साहेबच मध्ये थांबले आणि पाणी प्यायले.

वाचून झाल्यावर आबा म्हणाले, "समदं खरं हाय. एक चुकलंय. मुंग्या न्हाईत."

साहेबांनी विचारलं, मग काय लिहू.

आबा म्हणाले, "लिवा. हाताला आता कळत न्हाई. धरल्यालं कळत न्हाई, आवळल्यालं कळत न्हाई. मला वाटलं, नट बसला. हात मला म्हणला, बसला. ह्यो हात आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासंगं खोटं बोलला. मी त्याच्यावर इस्वास ठिवला."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् ही इचारत हुती, ओढू का म्हणून. हिला मी गप केली. ते बी लिवा. नुसतं 'उत्तर न्हाई' लिवू नका तिथं. पोरगी उगा अडकायची."

वर जिथं "उत्तर नाही" असं आहे, तिथं आबांचं हे म्हणणं जोडून वाचावं.

आबांना बुधवारीच कळलं होतं का, असं साहेबांनी विचारलं. आबा म्हणाले, "माणसं हसाय लागली तवाच कळलं. म्हणलं, हे माझं हसं चाललंय आन् नाव त्या पोरीचं घेत्यात. पर तोंड उघडंना."

मग साहेबांनी जगदाळे यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांना सगळं सांगितलं. जगदाळे म्हणाले, "ठीक आहे साहेब, बघतो मी."

आबा फोनकडे वाकून म्हणाले, "बघतो न्हाई, मालक. मी ज्ञानू ठोंबरे बोलतोय. त्या पोरीचा नंबर हिच्याकडं हाय. आत्ता मी तिला फोन करून सांगणार, की नट माझा हुता. मग मी तुमच्या दुकानाम्होरं येऊन बसणार, आन् येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगणार. तुम्ही तिला बोलवा, न्हाईतर मी रोज येतो. मला काय, आता कामच न्हाई."

जगदाळे म्हणाले, "मामा, तुम्ही नका येऊ. उद्या सकाळपासून तिला बोलावतो."

"उद्या नगं. आज."

"बरं, आज."

त्यानंतर आबा माझ्या फोनवरून नकुशीताईंशी बोलले. ते ठाण्याच्या व्हरांड्यात बोलले, म्हणून काय बोलणं झालं ते मला सांगता येत नाही. ते परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "रविवारी जुनी कापडं घालून जा म्हणती. तिचा पाना टक वाजतो, त्यो बघून ये. हात खोटं बोलाय लागला तर असलं काय तर पायजे."

साहेबांनी त्यांना अंगठ्यासाठी शाई पुढं केली. आबा म्हणाले, "अंगठा नगं. मी सही करतो." साहेबांनी पेन दिला.

हा जबाब मी सांगितला तसा उतरवला, मला आणि माझ्या आजोबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात वाचला गेला, आणि आबांनी केलेल्या दुरुस्त्यांसह तो खरा आहे. खाली माझी सही आहे. तिच्या शेजारची सही आबांनी उजव्या हातानं स्वतः केली आहे. तिला वेळ लागला, कोणी घाई केली नाही. ती रेघेच्या बाहेर गेली आहे, ती तशीच धरावी.